परतीची अट : मराठी समाजातील परदेशी शिक्षणाच्या तयारीचा इतिहास

विद्येसाठी घर सोडून दूरच्या मुलखात जाणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी म्हटली, की पैसा, प्रवेशपत्र, भाषा, कपडालत्ता आणि राहण्याजेवणाची सोय या गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. मराठी समाजाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या अनुभवाकडे बारकाईने पाहिले असता मात्र या सगळ्या तयारीच्या मुळाशी परत येण्याचा प्रश्न असल्याचे दिसते. जाणारा परत येईल का, आला तर कोणाचा म्हणून येईल आणि मिळवलेली विद्या कोणाच्या कामी लावील, याची खात्री मागे राहणाऱ्यांना हवी असे. ती देण्याची रीत काळानुसार पालटत गेली. कधी ती धर्मशास्त्राच्या भाषेत मागितली गेली, कधी भरसभेत दिलेल्या शब्दाच्या रूपाने, तर कधी सही-साक्षीच्या करारनाम्यातून. परदेशी शिक्षणाच्या तयारीचा इतिहास हा एका अर्थाने या परतीच्या अटीचा इतिहास आहे.

ही अट समुद्रापलीकडच्या विद्यापीठांत जाण्याच्या प्रथेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. विलायत हा शब्द घरोघरी पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचा सर्वांत दूरचा शिक्षणप्रवास काशीचा असे. उत्तर भारताला तेव्हाच्या मराठीत ‘हिंदुस्थान’ म्हणत, आणि भाषा, अन्न, हवा व राज्य या चारही बाबतींत तो प्रदेश कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला परमुलूखच होता. तेथे शिकायला जाणाऱ्याला आधार मिळे तो आधीच जाऊन स्थिरावलेल्या मराठी विद्वत्कुलांचा. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांच्या वंशात पुढे नारायणभट्ट झाले आणि त्याच कुळातले गागाभट्ट १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. अशी घराणी, त्यांचे शिष्यवर्ग आणि धनिकांनी चालवलेली अन्नसत्रे, म्हणजे विद्यार्थ्यांना व यात्रेकरूंना विनामूल्य जेवण देणारी स्थाने, यांच्यामुळे अनोळखी नगरात निवारा, जेवण आणि गुरू या तिन्ही गोष्टींची सोय होत असे.

या शिक्षणप्रवासाची आठवण मराठी घरांनी एका संस्कारात जपून ठेवली आहे. उपनयनानंतरच्या ब्रह्मचर्यव्रताची समाप्ती करणाऱ्या समावर्तन विधीला मराठीत सोडमुंज म्हणतात. त्यात बटू नवे धोतर नेसून, पायांत जोडा घालून, छत्री व काठी घेऊन काशीस शिकायला निघतो. चार पावले गेल्यावर मामा त्याला अडवतो, आपली मुलगी देण्याचे आश्वासन देतो आणि हात धरून घरी परत आणतो. या छोट्याशा नाट्यात प्रवासाचे साहित्य आहे, निघण्याचा निश्चय आहे, आणि त्या दोहोंच्या पुढे उभा राहिलेला, मुलाला गृहस्थाश्रमाकडे वळवणारा नातेवाईकही आहे. विद्येसाठी निघालेल्या मुलाला घराशी बांधून ठेवण्याची समाजाची ओढ यापेक्षा नेमकेपणाने क्वचितच व्यक्त झाली असेल.

दख्खनेतून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटांपैकी एका वाटेच्या इतिहासात झाशीचा मुलूख येतो. नेवाळकर घराण्याच्या अमलाखालील झाशी ही मराठी माणसाला परमुलखात भेटणारी ओळखीची जागा होती. तेथे मराठी बोलणारे कारकून, पुरोहित व शास्त्री होते आणि राजवाड्यात हस्तलिखितांचा समृद्ध संग्रह होता. झाशीहून ईशान्येस कालपी व कानपूरकडे जाणारा आजचा महामार्ग आणि लोहमार्ग ज्या मोठ या तहसिलीच्या गावावरून जातात, तो बुंदेलखंडाचा पट्टा या मराठी राजधानीच्या आसमंतातला होय. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने उत्तरेस निघाले. बंडाच्या धामधुमीत सापडून ते झाशीला पोहोचले आणि एप्रिल १८५८ मधील शहराचा पाडाव त्यांनी स्वतः पाहिला. पाडावानंतरच्या लुटीत झाशीचा ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातून त्या काळच्या दूरच्या प्रवासाची सारी घडण समजते. वडीलधाऱ्यांची अनुमती, सोबतीला जाणता नातेवाईक, ओळखीच्या माणसांची साखळी आणि शेवटी कावडीतून आणलेल्या गंगाजलाने आईवडिलांना घातलेले स्नान हे तिचे टप्पे होते. गोडसे विद्यार्थी म्हणून निघाले नव्हते, तरी प्रवासाचे सार्थक परतल्यावर घराला काय दिले यावर ठरे, ही समजूत विद्यार्थ्यालाही तितकीच लागू होती.

समुद्रापलीकडे जाण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा हीच समजूत अधिक कठोर झाली. धर्मशास्त्रात ‘कलिवर्ज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या आचारांच्या यादीत समुद्रयानाचा समावेश होता, आणि समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाशी व्यवहार ठेवावा की नाही, यावर एकोणिसाव्या शतकात दीर्घ वाद झाले. जहाजावर कोणाच्या हातचे पाणी प्यावे, परक्या देशात कोणाच्या पंक्तीला बसावे, हे त्या वादाचे रोजच्या जगण्यातले रूप होते. परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि त्यात पंचगव्य, म्हणजे गाईपासून मिळणाऱ्या पाच पदार्थांचे मिश्रण, प्राशन करण्याचा विधी असे. ते नाकारणाऱ्याच्या वाट्याला ग्रामण्य, अर्थात जातीचा बहिष्कार, येऊ शके. परदेशी जाणाऱ्याला म्हणून दोन प्रकारची तयारी करावी लागे. सामानाची तयारी पेटीत भरता येई. समाजाशी करावयाच्या बोलण्याची तयारी मात्र मनात आणि प्रसंगी व्यासपीठावर करावी लागे.

या दुसऱ्या तयारीचे सर्वांत ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले. वैद्यकीय मदतीच्या अभावाचा हा अनुभव त्यांच्या पुढील निश्चयाच्या मुळाशी होता. त्यांच्या तयारीला सुमारे तीन वर्षे लागली. गोपाळरावांनी १८८० मध्ये अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले आणि वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या नियतकालिकात छापले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना ते वाचले, आणि दोन अनोळखी स्त्रियांमध्ये जो पत्रव्यवहार सुरू झाला त्यातून आनंदीबाईंना परदेशात एक घर मिळाले. काशीतील मराठी कुळे जी सोय पिढ्यान्‌पिढ्या करीत आली होती, तिची जागा येथे टपालाच्या पाकिटांनी घेतली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि मग बंगाल अशा गोपाळरावांच्या बदल्यांच्या मागोमाग आनंदीबाईंचे इंग्रजीचे शिक्षणही घरात आणि शाळेत चालू राहिले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केले. अमेरिकेस का जायचे, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय करायचे, परदेशात संकट ओढवले तर काय, आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते आपणच का करायचे, असे लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्या भाषणाचा गाभा होता. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या एका स्त्रीने परक्या प्रांतात, परक्या भाषेत, आपल्या परतीची हमी समाजापुढे स्वतःच्या तोंडाने दिली. सोडमुंजीत मामा जे वचन देऊन मुलाला परत आणतो, त्या वचनाची जागा येथे जाणारीच्या शब्दाने घेतली, आणि या बदलाचे ऐतिहासिक मोल फार मोठे आहे.

सामानाची तयारीही याच शब्दाशी जोडलेली होती. सोन्याच्या बांगड्या विकून खर्चाची तोंडमिळवणी करण्यात आली. पोशाख आणि आहार बदलायचा नाही असे ठरल्यामुळे नऊवारी साड्या बरोबर घेतल्या गेल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून जूनच्या आरंभी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील थंडीत नऊवारीच्या काष्ट्याने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. देश बदलला तरी वस्त्र साडीच राहिले आणि नेसण्याची तऱ्हा हवेला जुळवून घेतली गेली, एवढ्या एका तपशिलात दिलेला शब्द पाळून जगण्याची त्यांची सगळी धडपड दिसते. शाकाहार, थंडी आणि धुराने कोंदणारी शेगडीची खोली यांनी शरीर मात्र खचत गेले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. परतीचा शब्द त्यांनी पाळला. ज्या कामासाठी परतायचे होते ते करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. तयारीत शरीराचा विचार धर्म आणि समाजाच्या मागे राहिला, ही त्या इतिहासातली सर्वांत दुःखद नोंद आहे.

त्याच १८८३ च्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई आपली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्यांच्या तयारीची तऱ्हा निराळी होती, कारण ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला. वैद्यक शिकण्याचा त्यांचा विचार श्रवणदोषामुळे मागे पडला आणि इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा परदेशी गेलेले माणूस परके होते ही भीती खरी ठरल्याचे महाराष्ट्रातील अनेकांना वाटले. तरीही १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या आणि १८८९ मध्ये मुंबईस परतून त्यांनी विधवांसाठी शारदासदन उघडले. परत येणे म्हणजे गेल्याप्रमाणेच परत येणे नव्हे, हे त्यांच्या चरित्राने दाखवून दिले. १८८९ मध्येच रखमाबाई लंडनच्या स्त्री-वैद्यकीय विद्यालयात शिकायला गेल्या. न मानलेल्या बालविवाहावरून त्यांच्यावर चाललेला खटला नुकताच मिटला होता आणि कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्यासह अनेकांनी त्यांच्या शिक्षणासाठी साहाय्य उभे केले होते. पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी सुरतेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

एकोणिसावे शतक संपत आले तसा व्यक्तीच्या धैर्यावर उभा असलेला हा प्रवास संस्थांच्या हाती जाऊ लागला. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्यातून मिळणारे साहाय्य कर्जाऊ असे, म्हणजे शिकून कमावता झालेल्याने रक्कम परत करायची आणि तिच्यातून पुढच्याने जायचे. सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये केंब्रिजला गेलेले रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिले, अर्थात ‘सीनिअर रँग्लर’, आले. ज्याला देशातले कोणतेही मोठे पद मिळू शकले असते तो तरुण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसन महाविद्यालयात आजीव सेवक म्हणून परतला. आजीव सेवक म्हणजे दरमहा सुमारे ७५ रुपयांच्या अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्यास बांधलेला अध्यापक. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करून आले आणि प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. त्यांच्या त्या शिक्षणामागे युनिटेरियन पंथाची शिष्यवृत्ती होती. जातीने घ्यावयाची हमी आता संस्था घेऊ लागली होती, आणि प्रायश्चित्ताच्या जागी सेवाव्रत आले होते.

या काळात परतीच्या अटीला राजकीय अर्थही आला. श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी १९०५ मध्ये ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह उघडले आणि ज्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या त्यांना एक कलम जोडले, की त्या घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने यांपैकी एक शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर जून १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला निघाले. सरकारी शिष्यवृत्ती घेणारे अनेक जण ज्या नोकरीकडे डोळे लावून परतत, तिच्यावरच येथे बंदी होती. परतणारा कोणाचा म्हणून परतेल, या जुन्या प्रश्नाला राष्ट्रीय चळवळीने दिलेले हे उत्तर होते.

करारनाम्याच्या रूपातील अटीचे सर्वांत बोलके उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी होतकरू विद्यार्थ्यांना राज्याच्या खर्चाने परदेशी पाठवण्याची योजना आखली होती, आणि ४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांनी बडोदा सरकारशी अशाच एका करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावी आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा राज्याची नोकरी करावी, असे त्याचे स्वरूप होते. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. होऊन १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. त्यांनी जमवलेले ग्रंथ निराळ्या जहाजाने निघाले होते आणि महायुद्धातील पाणतीराने ते जहाज बुडाले. गेलेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्यास जाण्याच्या खर्चाची सोय झाली. करार पाळायला आलेल्या या पदवीधराला बडोद्यात राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी विश्रामगृहात काढलेले दिवस जमावाच्या धमकीने संपले, कचेरीतही अस्पृश्यतेचा जाच संपला नाही आणि त्यांना शहर सोडावे लागले.

या प्रसंगाने परतीच्या अटीची दुसरी बाजू उघडी पाडली. आनंदीबाईंना जो बहिष्कार समुद्र ओलांडल्याच्या कारणाने संभवत होता, तो आंबेडकरांच्या वाट्याला जन्मानेच आलेला होता, आणि कोलंबियाच्या पदवीनेही तो सुटला नाही. विद्यार्थ्याने परतण्याचे वचन पाळले, परंतु समाजाने त्याला सामावून घेण्याची तयारी केली नव्हती. त्यानंतर त्यांनी केलेली दुसरी तयारी म्हणूनच अधिक मोलाची ठरते. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांची जोड देऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि एम. एस्सी., बॅरिस्टरी व १९२३ मध्ये डी. एस्सी. हे सर्व पुरे करून परतले. या खेपेस त्यांच्यावर कोणाची लेखी अट नव्हती. ज्या समाजासाठी परतायचे तो त्यांनी स्वतः ठरवला होता.

पुढील काळात ही वाट रुळत गेली. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना ते पसंत नव्हते, पण पती दिनकर कर्वे यांचा पाठिंबा होता आणि डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून मिळालेल्या कर्जाने पैशाची सोय झाली. डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पुढचे काम उभे केले. घरातला मतभेद उरला होता, परंतु ग्रामण्याची भीती मागे पडली होती. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती यांनी, ज्या वर्गांना बडोद्याच्या करारासारखी संधी एखाद्यालाच मिळे, त्यांच्यासाठी ती वाट धोरण म्हणून खुली केली.

आजच्या विद्यार्थ्याला परिचित असलेले परदेशातील एक सत्र, म्हणजे आपल्या विद्यापीठाचा विद्यार्थी राहूनच चार-सहा महिने दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिकणे, हे या परंपरेचे सर्वांत नवे रूप आहे. युरोपात १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने त्याला व्यवस्थित आकार दिला. तेथे निघण्यापूर्वी विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ असे तिघे मिळून अभ्यासकरार करतात, आणि कोणते विषय शिकायचे व त्यांचे किती श्रेयांक मायदेशी मोजले जातील हे त्यात आधीच लिहिलेले असते. श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या तासांवर आधारलेले, अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांशी सहकार्याचे जे नियम केले, त्यांतील ‘ट्विनिंग’ प्रकारात परदेशात मिळवलेले श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या तीस टक्क्यांपर्यंत धरण्याची मुभा आहे. नियमांची ही भाषा कोरडी वाटली, तरी तिचा अर्थ जुनाच आहे. जे दूर जाऊन मिळवाल ते घरच्या हिशेबात कसे जमा होईल, हे निघण्याआधी ठरवा, असे ती सांगते.

१९७५ मध्ये झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ स्थापन झाले, आणि मोठसारख्या तहसिलीच्या गावातील विद्यार्थ्याला विद्यापीठ जवळच मिळाले. अशा गावातून आज कोणी परदेशातील एका सत्रासाठी निघालाच, तर त्याला प्रायश्चित्ताची चिंता नसेल आणि दागिनेही कदाचित विकावे लागणार नाहीत. पारपत्र, प्रवेशपत्र, विमा आणि खर्चाचा ताळा एवढ्यावर बरीच तयारी होईल. तरीही दीडशे वर्षांच्या या इतिहासातून त्याने आणि त्याला पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. फिलाडेल्फियातील थंड खोली हे सांगते, की दिलेल्या शब्दाइतकीच शरीराची आणि आहाराची काळजी तयारीत धरली पाहिजे. बडोद्यातील ते विश्रामगृह त्याहून कठीण गोष्ट सांगते. परतण्याचा शब्द मागण्याचा अधिकार, परतणाऱ्याला उतरायला जागा देणाऱ्या गावालाच असतो.